कुत्रा कोणाचा हे नंतर बघू, तो कोणाच्या ताब्यात होता ते आधी

ताई, नमस्कार.

तुमची हकिकत मला समजली ती अशी. पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये खेळताना तुमच्या सात वर्षांच्या मुलीला तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा कुत्रा चावला. गालावर आणि दंडावर जखमा आहेत. बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनीच गाडी काढली, दवाखान्यात नेलं, साडेतीन हजारांचं बिलही भरलं. गालावरचा व्रण राहील आणि पुढे प्लास्टिक सर्जरी लागू शकेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून त्यांचा सूर बदलला. आता ते म्हणतात, "कुत्रा आमचा नाहीच, रस्त्यावरचा आहे, आम्ही फक्त खायला घालतो." कुत्राही दिंडोरीकडे कुठल्याशा मळ्यात पाठवून दिलाय. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि "कोर्टात जा" म्हणून सांगितलं. चेअरमन म्हणतात दहा हजार घ्या, स्टॅम्पपेपरवर सही करा आणि मिटवा. तुम्ही विचारताय की भरपाई मिळते का, किती आणि कोणाकडून.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करतोय, दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. कुत्रा चावल्याची प्रकरणं माझ्याकडे बरीच येतात, पण कोर्टापर्यंत पोचतात फार थोडी. भरपाईचा हक्क आहे, यात शंका नको. तो किती आणि किती लवकर पदरात पडेल हे मात्र पहिल्या महिन्यात तुमच्या हातात कोणते कागद जमतात त्यावर ठरतं. तुम्ही रक्कम विचारलीत, पण तुमचा खरा पेच "कुत्रा आमचा नाही" या एका वाक्यात अडकलाय. तो सुटला की बाकीचं मार्गी लागतं.

त्याआधी उपचारांबद्दल दोन शब्द. मी डॉक्टर नाही, पण या प्रकरणांतले केसपेपर वाचून वाचून काही गोष्टी पक्क्या कळल्यात. गालावरची, कातडी फाटून रक्त आलेली जखम रेबीजच्या धोक्याच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडते. तिला नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते लसीच्या पहिल्या डोसबरोबर, फार तर त्यानंतर सात दिवसांच्या आत देतात. तुमच्या केसपेपरवर त्याची नोंद आहे का ते आजच बघा, नसेल तर उद्या सकाळी डॉक्टरांना थेट विचारा. लस दंडात स्नायूमध्ये दिली असेल तर डोस 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी ती कातडीत देतात, तेव्हा 0, 3, 7 आणि 28. एकही चुकवू नका. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिला असता तर डॉक्टरांनी कदाचित पुढचे डोस कमी केले असते. तो मळ्यात नेलाय, कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे "कुत्र्याला लस दिलीय, काही होत नाही" या शेजाऱ्यांच्या बोलण्यावर विसंबून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे मी कोणाचीच भीड ठेवत नाही. पैसे अडत असतील तर त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल आहे, महापालिकेची झाकीर हुसेन आणि बिटको रुग्णालयं आहेत. लस तिथे मोफत मिळते.

जखमेवर आधी हळद लावली होती असं तुम्ही लिहिलंय. झालं ते झालं. ही गोष्ट डॉक्टरांपासून किंवा वकिलापासून लपवू नका, एवढंच. चावल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुणं हाच पहिला उपचार. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नसतं.

आता त्या वाक्याकडे येऊ.

भारतीय न्याय संहितेचं कलम 291 प्राण्याच्या बाबतीत केलेल्या निष्काळजीपणाबद्दल आहे. 1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनांना दंड संहितेचं कलम 289 लागायचं, त्याचीच ही नवी आवृत्ती. त्या कलमात मालकीचा उल्लेखच नाही. कायद्याची भाषा "आपल्या ताब्यातला प्राणी" अशी आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घ्यायची असते. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने ती घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून "कुत्रा कोणाचा?" या वादात तुम्ही पडूच नका. कुत्रा कोणाच्या दारात बांधला जायचा, त्याला पट्टा कोणी घातला, फिरायला कोण न्यायचं, आजारी पडला की डॉक्टरकडे कोण न्यायचं, तो कोणाच्या हाकेला यायचा, हे प्रश्न विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी येता-जाता पोळी टाकली म्हणून तो त्याच्या ताब्यात येत नाही, हे खरंच आहे. पण रात्री दार उघडून घरात घेतला, गळ्यात पट्टा घातला, नाव ठेवलं आणि चावल्यावर स्वतः बिल भरलं, तर गोष्ट वेगळी होते.

ते साडेतीन हजारांचं बिल म्हणूनच मोलाचं आहे. कसं भरलं ते बघा. त्यांच्या फोनवरून यूपीआयने गेलं असेल तर दवाखान्याकडे नोंद मिळेल. आमच्यासमोरचा वकील अर्थात "शेजारधर्म म्हणून भरले" असं म्हणेल, आणि नुसत्या बिलावर खटला उभा राहत नाही हेही खरं. त्याला जोड लागते. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी असंच प्रकरण होतं. तेव्हाही चावा झाल्यावर कुत्रा एका रात्रीत "रस्त्यावरचा" झाला होता. आम्ही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे-मागे चाळत गेलो, तर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा फोटो सापडला. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि खाली यजमानांनीच लिहिलेलं, "आमच्या घरचा मोठा मुलगा." पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडचं लसीकरणाचं कार्डही निघालं, त्यावर पाळणाऱ्याचं नाव होतं. तडजोडीची बोलणी त्या दिवशी सुरू झाली.

तुमच्या बाबतीत सगळ्यात घाई सीसीटीव्हीची आहे. बहुतेक सोसायट्यांच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) पंधरा ते तीस दिवसांचं चित्रण राहतं, मग त्यावरच नवं चढतं. बारा दिवस गेलेत. आजच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं पार्किंगचं चित्रण जपून ठेवावं, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तेच पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. चावण्याच्या क्षणाइतकंच आधीच्या आठवड्याचं चित्रणही मागा, कारण कुत्रा कोणाच्या दारातून बाहेर येतो आणि कोणाबरोबर परत जातो ते त्यात दिसेल. कॉपी मिळाली की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र डीव्हीआर सांभाळणाऱ्याकडून घ्यावं लागतं. त्याचा नमुना वकील देईल. वॉचमन, दूधवाले, झाडलोट करणाऱ्या मावशी या लोकांना पार्किंगमधलं सगळं ठाऊक असतं. त्यांच्याशी बोला, पण काय सांगायचं ते पढवू नका. हा कुत्रा याआधी कोणाच्या अंगावर गेला होता का, हे जरूर विचारा. शेजारी म्हणणार, "तो कधीच कोणाला चावला नव्हता, आम्हाला काय माहीत!" पहिल्या चाव्याला माफी असते असा एक समज लोकांत आहे. तसा सरसकट नियम नाही. मोकळ्या पार्किंगमध्ये, लहान मुलं खेळत असताना, मोठा कुत्रा दोरीशिवाय सोडणं हाच निष्काळजीपणा ठरू शकतो. पण याआधी तो कुरियरवाल्याच्या अंगावर धावून गेला होता हे दाखवता आलं, तर "आम्हाला कल्पना नव्हती" हे म्हणणं टिकत नाही.

महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याची नोंदणी करावी लागते. पालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, माहिती अधिकाराचा अर्ज टाकून या पत्त्यावर परवाना आहे का ते विचारता येईल. परवाना नसला म्हणून ताबा नव्हता असं होत नाही. ताबा सिद्ध झाला तर विनापरवाना पाळल्याची आणखी एक चूक त्यांच्या खाती जमा होते.

पोलिसांचं काय? एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम 291 दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. जामीनपात्र आहे हे खरं, म्हणजे शेजारी तुरुंगात जाऊन बसतील असं चित्र मनात आणू नका, पण त्याची एफआयआर व्हायला हवी होती. तुमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये जबर दुखापत कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं त्यात स्पष्ट लिहिलंय. गालावरचा व्रण कायमचा राहणार असं डॉक्टरांनी लेखी दिलं, तर कलम 125 चा जबर दुखापतीचा भाग लावता येतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तोही दखलपात्र आहे. यासाठी दवाखान्यात एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून डॉक्टरांनी करायची नोंद) झाली होती का ते विचारा. खाजगी दवाखान्यात ती पुष्कळदा राहून जाते. झाली नसेल तर पोलिसांना लेखी अर्ज देऊन वैद्यकीय तपासणीचं पत्र मागा.

अर्जात साधं लिहा. तारीख, वेळ, जागा, कुत्रा कोणाच्या दारात राहतो, कोणी पाहिलं, जखमा कुठे, किती टाके किंवा टाके का नाहीत (रेबीजच्या धोक्यामुळे अशा जखमा सहसा लगेच शिवत नाहीत, हे समोरच्या वकिलाला "जखम किरकोळ होती" म्हणायला निमित्त मिळू नये म्हणून लिहायचं). ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना द्या, पोच घ्या. तरी गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांकडे टपालाने पाठवा. नाशिक शहरात आयुक्तालय असल्याने तो अर्ज पोलीस उपायुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. तिथेही दाद लागली नाही तर कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, शपथपत्रासह. वर्षभर थांबून मग बघू असं करू नका. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घेण्याची मुदतच एक वर्षाची आहे.

फौजदारी खटल्याकडून पैशांची फार आशा धरू नका, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. दोषी ठरल्यावर कोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 खाली जखमीला भरपाई देववू शकतं, पण तोवर किती तारखा होतील सांगता येत नाही. मुंबईत 2010 साली एका वृद्धाला रॉटवायलर चावला होता. गिरगावच्या न्यायालयात मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती 2023 मध्ये. तेरा वर्षांत तुमची मुलगी वीस वर्षांची होईल. म्हणून फौजदारी तक्रार पुरावा सरकारी कागदावर येण्यासाठी करायची आणि पैशांचा रस्ता वेगळा चालायचा, असा माझा शिरस्ता आहे. पंचनामा, जबाब, वैद्यकीय प्रमाणपत्र हे सगळं पुढे दिवाणी दाव्यात तुमच्याच उपयोगी पडतं.

आता चेअरमनांचा स्टॅम्पपेपर. माझं मत इथे स्पष्ट आहे. सही करू नका, आज तरी नाहीच. चेअरमनांचा हेतू चांगला असेल, सोसायटीत वितुष्ट नको असं त्यांना वाटत असेल. पण व्रण कसा राहणार हे आज कोणालाच माहीत नाही. जखम भरल्यावर तिचा व्रण पक्का व्हायला साधारण वर्ष जातं, आणि सर्जरी करायची का, किती वेळा करायची, हे डॉक्टर त्यानंतरच ठरवतात. गंगापूर रोडकडच्या एका गृहस्थांनी हाताला झालेल्या चाव्याबद्दल पंधरा हजार घेऊन "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं लिहून दिलं होतं. पुढे बोट वाकेना, स्नायुबंधाचं ऑपरेशन झालं, आणि ते माझ्याकडे आले तेव्हा त्या एका ओळीशी झगडण्यातच आमची शक्ती गेली. ते प्रकरण मला अजून खुपतं, कारण ती सही त्यांनी भीड पडली म्हणून केली होती.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती चेअरमनांना शांतपणे सांगा. हक्क तुमचा नाही, मुलीचा आहे. ती कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे. कोर्टात दावा चालू असेल तर अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते, आणि ती तडजोड मुलाच्या हिताची आहे का हे न्यायाधीश बघतात. मिळालेली रक्कमही बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत, मूल सज्ञान होईपर्यंत ठेवींत टाकायला सांगतात. पार्किंगमध्ये उभं राहून केलेल्या सहीला यातलं काहीच संरक्षण नसतं. उपचारांचा चालू खर्च शेजारी देत असतील तर जरूर घ्या, फक्त पावतीवर "उपचारखर्चापोटी, पुढील हक्क राखून" असं लिहा. पैसे घेतले की हक्क संपतो ही भीती त्या एका ओळीने जाते.

किती मिळेल? ठरलेला तक्ता नाही, आणि कोणी वकील पहिल्याच भेटीत आकडा सांगत असेल तर जपून राहा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये कुत्र्याच्या दाताच्या प्रत्येक खुणेला किमान 10,000 रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20,000 रुपये असं मोजमाप दिलं. ते फिरत असतं, तुमच्याही वाचनात आलं असेल. पण तो निकाल मोकाट जनावरांबद्दल सरकारच्या जबाबदारीचा होता, आणि महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. युक्तिवादात आधार म्हणून आम्ही तो दाखवतो, इतकंच. त्या हिशेबाने गालावरचे दात मोजून शेजाऱ्यांकडे आकडा घेऊन जाऊ नका, बोलणी तिथेच तुटतील.

मी हिशेब असा मांडतो. आजवरची बिलं, औषधं, लस, रिक्षा-टॅक्सी. तुम्ही रजा घेतली असेल तर बुडालेला पगार, त्यासाठी ऑफिसचं पत्र. पुढच्या सर्जरीचा अंदाजी खर्च, प्लास्टिक सर्जनच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. आणि मग ज्याचं बिल नसतं ते: वेदना, चेहऱ्यावरचा व्रण, मुलीच्या मनात बसलेली भीती. तुम्ही लिहिलंय की ती आता लिफ्टशिवाय खाली उतरत नाही आणि रात्री दचकून उठते. हे समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्या नोंदी ठेवा. मुलीला मदत हवी हे कारण पहिलं, आणि कोर्टाला ती भीती कागदावर दिसते हे दुसरं. या न मोजता येणाऱ्या भागासाठी कोर्टं पुष्कळदा मोटार अपघातांच्या निकालांकडे बघतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली अपघातातल्या मुलांसाठी प्रत्यक्ष खर्चाखेरीज अपंगत्व 10 टक्क्यांपर्यंत असेल तर एक लाख, त्यापुढे 30 टक्क्यांपर्यंत तीन लाख, अशा पायऱ्या घातल्या होत्या. कुत्र्याच्या चाव्याला त्या जशाच्या तशा लागत नाहीत आणि व्रण म्हणजे अपंगत्व असंही नाही. पण मुलाच्या दुखण्याची किंमत दोन-पाच हजार नसते, एवढं त्यातून न्यायाधीशांपुढे मांडता येतं.

यातला क्रम मी साधारण असा ठेवतो. आधी वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने. नोटिशीत शिवीगाळ नको, वस्तुस्थिती आणि मागणी एवढंच. शेजाऱ्यांनी कुत्र्याचा विमा काढला असेल तर काही पॉलिसींत दुसऱ्याला झालेल्या इजेचं दायित्वही असतं. ते नोटिशीतच विचारावं, कारण पैसे विमा कंपनीने द्यायचे असले की शेजाऱ्यांचा ताठरपणाही बऱ्याचदा कमी होतो. मग दावा दाखल करण्यापूर्वीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज. त्यांचं कार्यालय सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. महिला आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. लोकअदालतीत जुळलं तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो आणि त्यावर अपील नसतं. शेजाऱ्यांशी रोज जिन्यात गाठ पडणार असते, म्हणून या प्रकरणांत मला हा रस्ता मनापासून आवडतो. मात्र तिथेही सर्जनचा अंदाज हातात आल्याशिवाय आकडा मान्य करू नका.

नाहीच जुळलं तर दिवाणी दावा, अज्ञान मुलीतर्फे पालनकर्ती आई म्हणून तुम्ही. मुदत तीन वर्षांची. अज्ञान असल्यामुळे मुलीला सज्ञान झाल्यावरही तीन वर्षं मिळतात, पण त्या सवलतीवर कोणी निवांत बसू नये. वॉचमन गाव सोडून जातो, दवाखान्यातले कागद हरवतात, आणि व्हॉट्सॲपचे फोटो फोनबरोबर जातात. समोरचे म्हणतील की मुलीने कुत्र्याला डिवचलं. सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा बचाव फारसा चालत नाही, आणि सीसीटीव्हीत ती सायकल चालवताना दिसत असेल तर अजिबातच नाही. सोसायटीलाही प्रतिवादी करावं का, हे परिस्थितीवर आहे. कुत्रा मोकळा सुटतो अशा लेखी तक्रारी कमिटीकडे आधीच पडून असतील तर विचार करण्याजोगं आहे. नसतील तर उगाच अख्खी सोसायटी विरोधात जाते, आणि साक्षीदारही तिथलेच असतात.

आता समजा, सगळं तपासल्यावर कुत्रा खरोखरच रस्त्यावरचा निघाला. ही शक्यता मी झटकून टाकत नाही. मग दाद महापालिकेकडे मागायची. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने करायचं असतं. इथे मुदती कडक आहेत आणि पुष्कळ लोक नेमके इथेच अडकतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे पालिकेवर दावा करण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत लावावा लागतो. म्हणजे शेजाऱ्यांशी वर्षभर वाद घालून मग पालिकेकडे वळलात, तर ते दार बंद झालेलं असेल. तुमच्या प्रकरणात शेजारी "रस्त्यावरचा" म्हणतायत, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर शेजाऱ्यांच्या नोटिशीबरोबरच आयुक्तांनाही कलम 487 ची नोटीस आत्ताच पाठवली असती. एका बाजूने नाकारलं तरी दुसरी बाजू हातची जात नाही. सोबत माहिती अधिकारात विचारायचं: या परिसरातून मोकाट कुत्र्यांच्या किती तक्रारी आल्या, त्यावर काय केलं, इथल्या कुत्र्यांची नसबंदी कधी झाली. आधी तक्रारी येऊनही काही केलं नाही हे कागदावर दिसलं की पालिकेचा निष्काळजीपणा दाखवणं सोपं जातं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते, फोटोत कान बघा.

राज्यघटनेच्या कलम 21 आणि 226 च्या आधारे थेट मुंबई उच्च न्यायालयात जाण्याचाही मार्ग आहे, खर्चाचा आणि लांबचा. ऑक्टोबर 2025 मध्ये याच न्यायालयाने रस्त्यांवरच्या खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. विषय वेगळा आहे, पण सार्वजनिक संस्थेच्या हयगयीची किंमत नागरिकाने एकट्याने मोजायची नसते हा विचार त्यामागे आहे, आणि कुत्र्यांच्या प्रकरणातही तोच मांडावा लागेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की कुत्र्याला "संपवून टाका" असा आग्रह सोसायटीतली काही मंडळी धरतायत, त्याचं काय. तसं काही होऊ देऊ नका. जनावराला मारणं किंवा विष घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम 325 खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय तुमच्या मुलीच्या उपचारांसाठी तो कुत्रा जिवंत आणि नजरेसमोर असणं गरजेचं होतं. शेजाऱ्यांना नोटिशीत हेही लिहा की कुत्रा कुठे आहे, कसा आहे, ते जनावरांच्या डॉक्टरांच्या दाखल्यासह कळवा. उत्तर आलं तर तो त्यांच्याच ताब्यात असल्याची कबुली मिळते. नाही आलं तर त्यांची बेफिकिरी दिसते.

मुलीबद्दल एक सांगतो. जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांना घरी यायला सांगा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात बोलावता येत नाही. शेजारच्या बायका, नातेवाईक यांच्यासमोर तिला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. आठवेल तसं एकदा ती बोलली की तुम्ही तारीख घालून वहीत लिहून ठेवा. गालाचे फोटो दर महिन्याला, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात काढा, शेजारी एक मोजपट्टी धरून. सर्जनला ते लागतील, कोर्टालाही. आणि 28 व्या दिवसाचा डोस कोणत्या तारखेला येतो ते आज रात्रीच कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी दवाखान्यातून केसपेपरची सगळी पानं, शिक्क्यासह, मागून घेऊनच बाहेर पडा.